मिश्र खडी, मऊ डांबर आणि चाकांची दबाई: बोत्सवानातील ओट्टा सीलचे प्रकरण

बोत्सवाना क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि लोकसंख्या पंचवीस लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे शहरापेक्षाही कमी. देशाचा बहुतेक भाग कलाहारीच्या वाळूखाली आहे. १९६६ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा तिथले डांबरी रस्ते बोटांवर मोजता येतील इतक्याच किलोमीटरचे होते. पुढे हिऱ्यांच्या खाणी सापडल्या, पैसा आला, रस्ते बांधायचे ठरले, आणि सरकारच्या रस्ते विभागापुढे एक रोकडा प्रश्न उभा राहिला: डांबरात घालायला खडी कुठून आणायची?

आपल्याकडे हा प्रश्न सहसा पडत नाही. सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना काळा पाषाण हात लावाल तिथे मिळतो आणि प्रत्येक तालुक्यात क्रशर असतो. बोत्सवानात खडी पाडण्याजोगा कठीण खडक मुख्यतः पूर्वेकडच्या पट्ट्यात आहे. पश्चिमेकडे मिळते ते कॅल्क्रीट, म्हणजे चुन्याने सांधलेला, आपल्या चुनखडी मुरमाच्या वळणाचा दगड. रस्त्याच्या पायाला तो चालतो. पण वरच्या डांबरी थराला लागणारी कठीण, धुतलेली, एकाच मापाची खडी शेकडो किलोमीटरवरून ट्रकने आणावी लागे. आणि हे सगळे दिवसाला शे-दोनशे गाड्या जाणाऱ्या रस्त्यासाठी.

खडीचा रस्ता तसाच ठेवला तरी खर्च चुकत नव्हता. दरवर्षी वरचा मुरूम धुळीतून आणि पावसातून निघून जातो, ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारे यंत्र, फिरवत राहावे लागते, आणि काही वर्षांनी नवा मुरूम घालावा लागतो. तो मुरूमही एक दिवस संपतो. अशा रस्त्यावर स्वस्त, पातळ, पाणी अडवणारा आणि हाताशी असलेल्या दगडातून होणारा डांबरी थर हवा होता. त्याचे उत्तर नॉर्वेच्या एका खोऱ्यातून आले.

नॉर्वेत काय झाले होते

नॉर्वेत खेड्यांकडे जाणारे रस्ते खडीचे होते. तिथल्या हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते आणि मातीत बर्फाचे पापुद्रे तयार होतात. वसंतात ऊन पडले की बर्फ वरून खाली वितळू लागतो. वरचे वितळलेले पाणी खालच्या, अजून गोठलेल्या थरामुळे मुरत नाही. मग रस्त्याचा पाया चिखल होतो आणि अवजड गाड्यांच्या वजनावर बंधने घालावी लागतात. अशा हलणाऱ्या, वर-खाली होणाऱ्या रस्त्यावर ताठ डांबरी थर घातला तर तो तडकणारच.

१९६३ ते १९६५ या काळात नॉर्वेच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने यावर काम केले. मागणी साधी होती: थर स्वस्त हवा, लवचीक हवा, पाणी आत जाऊ देणारा नको, आणि जवळच्या नदीपात्रात किंवा टेकडीत मिळणाऱ्या रेव-खडीतून झाला पाहिजे. प्रयोग ओट्टा खोऱ्यात झाले म्हणून या थराचे नाव ओट्टा सील पडले. १९८५ पर्यंत नॉर्वेत सुमारे १२,००० किलोमीटर रस्त्यांवर हा थर घातला गेला होता. त्यांच्या पक्क्या रस्त्यांचा हा जवळपास पाचवा हिस्सा होतो.

बोत्सवानात पहिला ओट्टा सील १९७९ च्या सुमारास घातला गेला. पुढची वीस वर्षे तिथल्या रस्ते विभागाने नॉर्वेच्या अभियंत्यांबरोबर काम करून पद्धत आपल्या उन्हाला आणि दगडाला जुळवून घेतली आणि १९९९ मध्ये आपली स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही वीस वर्षे. बाहेरची पद्धत विभागाने उचलून जशीच्या तशी वापरली नाही. आधी मोजमाप केले, मग आपले नियम लिहिले.

हा थर टिकतो कशाने

आपण ज्याला सरफेस ड्रेसिंग म्हणतो त्यात रस्त्यावर डांबर फवारतात, त्यावर एकाच मापाची खडी एकेरी पसरतात आणि रोलर फिरवतात. प्रत्येक खडा आपापल्या पायाशी असलेल्या डांबरात रुतून उभा असतो. म्हणून खडीवर धूळ नको, खडी कठीण हवी, माप एकसारखे हवे. यातले एक जरी चुकले तरी खडी सुटते आणि उडते.

ओट्टा सीलमध्ये हे सगळे उलटे आहे. खडी मिश्र असते: १६ मिलिमीटरपासून थेट चुरीपर्यंत सगळी मापे एकत्र. क्रशरमधून निघालेली न चाळलेली खडी किंवा नदीची चाळलेली रेव, दोन्ही चालतात. बारीक धूळ, म्हणजे ०.०७५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारा भाग, साधारण १० टक्क्यांच्या आत असला म्हणजे पुरे. डांबर मऊ आणि भरपूर असते. नेहमीच्या सरफेस ड्रेसिंगला चौरस मीटरला एक लिटरच्या आसपास डांबर लागते, तर इथे दीड ते दोन लिटर. त्यावर खडीही सढळ हाताने टाकतात, चौरस मीटरला ०.०१३ ते ०.०२० घनमीटर.

मग खालचे मऊ डांबर दाबाखाली वर चढू लागते. मोठ्या खड्यांमधल्या फटीत बारीक खडी, तिच्या फटीत चुरी, आणि या सगळ्यांतून वाट काढत डांबर. काही आठवड्यांत रस्त्यावरच मिश्रण तयार होते. सरफेस ड्रेसिंग ही शेंगदाण्याची चिक्की असेल तर ओट्टा सील हा कुटाचा लाडू आहे, आणि लाडू वळल्याशिवाय होत नाही. वळण्याचे हे काम रबरी चाकांचा रोलर करतो आणि त्यानंतर रस्त्यावरची रोजची वाहतूक.

दगड कमी कठीण का चालतो तेही यातच आहे. खडीची ताकद मोजण्याची एक चाचणी अशी: लोखंडी साच्यात खडी भरून दाब वाढवत नेतात आणि दहा टक्के खडीचा चुरा व्हायला किती बल लागले ते नोंदवतात. नेहमीच्या सरफेस ड्रेसिंगला २१० किलोन्यूटनच्या आसपासची खडी मागतात. ओट्टा सीलला दिवसाला शंभरपेक्षा कमी गाड्या असतील तर ९० आणि त्याहून जास्त असतील तर ११० पुरतात. इथे खडा एकटा उभा नसतो, त्याला चहूबाजूंनी बारीक खडीचा आधार असतो. एखादा फुटला तरी त्याचा चुरा मिश्रणातच जिरतो. कलाहारीतला एरवी नापास होणारा कितीतरी दगड या एका बदलाने पास झाला.

दुसरे कारण ऊन. कमी वाहतुकीचा डांबरी रस्ता गाड्यांनी मरत नाही. उन्हाने आणि हवेने डांबर कडक होते, त्याचा चिवटपणा जातो आणि ते तडकते. ओट्टा सीलमधले डांबर मुळात मऊ, त्याचा लेप जाड आणि थर दाट असल्याने हवा आत कमी शिरते. त्यामुळे म्हातारपण उशिरा येते. दुहेरी ओट्टा सीलचे आयुर्मान १२ ते १५ वर्षे धरले जाते. एवढ्या साध्या थरासाठी हा आकडा मोठा आहे.

घालण्याचा दिवस आणि नंतरचे तीन आठवडे

पायाचा थर नीट दाबून, झाडून, थोडा ओलावून घेतात. बहुतेक ठिकाणी प्राइम कोट, म्हणजे पायावर आधी मारायचा पातळ डांबराचा लेप, लागत नाही, तेवढा एक खर्च वाचतो. मग डांबराचा फवारा. इथे फवारणीच्या दांडीवर डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते. एक नोझल तुंबले की रस्त्यावर लांबच लांब कोरडी रेघ उमटते, आणि दोन महिन्यांनी त्याच रेघेवर खडी सुटते. फवारा पडताच खडी पसरतात आणि लगेच रोलर आणतात.

आता दबाई. बोत्सवानाची शिफारस अशी की बारा टनांहून जड, रबरी चाकांचा रोलर पहिल्याच दिवशी प्रत्येक जागेवरून किमान पंधरा वेळा गेला पाहिजे, आणि त्यानंतरच्या दिवसांत पुन्हा तितकाच. रोलर कमी पडले तर भरलेले ट्रक सगळ्या रुंदीवरून फिरवतात. लोखंडी रोलरचा भरवसा धरत नाहीत, कारण तो उंच खड्यांवर चालतो, त्यांना चिरडतो आणि मधल्या खोलगट जागा तशाच सोडतो. रबरी चाक वाकते, खोलगटात उतरते, मळते.

दुसऱ्या दिवशी रस्ता पाहणाऱ्याला वाटेल की काम फसले. वर सुटी खडी, कुठे काळे, कुठे राखाडी, डांबर कुठे गेले कळत नाही. आठवड्याभरात चाकोरीच्या दोन पट्ट्या काळ्या दिसू लागतात. डांबर तिथे वर आलेले असते. सुटी खडी चाकांनी ढकलली जाऊन मधल्या पट्ट्यात आणि कडेला ढीग करते. ही खडी फेकायची नसते. झाडूने ती पुन्हा चाकोरीत ओढायची असते, कारण काळ्या पट्टीतले जादा डांबर पकडायला तीच हवी. हे काम दोन ते तीन आठवडे चालते. त्या काळात गाड्यांचा वेग ताशी ४०-५० किलोमीटरवर रोखतात. कुठे डांबर फारच वर आले, ऊन तापल्यावर चिकटू लागले, तर तिथे चुरी टाकायची. दोन महिन्यांत डांबर मऊ करायला मिसळलेले रॉकेल बरेचसे उडून जाते आणि थर घट्ट होतो. दुसरा थर घालायचा असेल तर तो आठ ते बारा आठवड्यांनी.

अभियंते बिचकतात ते इथेच. सवयीने आपण काम संपल्याच्या संध्याकाळी रस्ता पाहतो, फोटो काढतो, मोजमाप पुस्तकात नोंद करतो आणि बिल लावतो. ओट्टा सीलची संध्याकाळ दिसायला वाईटच असते. बोत्सवानातही पाहणाऱ्यांनी नाके मुरडली. पद्धत रुजली ती जुने तुकडे वर्षानुवर्षे टिकलेले डोळ्यांनी दिसू लागल्यावर.

काय जमले नाही, कुठे जमत नाही

हा थर रस्त्याला ताकद देत नाही. पाया खचलेला असेल, खोल चाकोऱ्या पडल्या असतील, तर वर ओट्टा सील घाला नाहीतर आणखी काही, खड्डा परत येणारच. फार तीव्र चढ, अरुंद वळणे, ट्रक जिथे जागच्या जागी वळतात असे चौक, या जागा कोणत्याही पातळ थराला जड जातात आणि मऊ डांबर असलेल्याला जास्तच.

बोत्सवानाला आणखी एक जाच होता, क्षारांचा. कोरड्या प्रदेशात पायाच्या मुरमात किंवा त्यावर मारलेल्या पाण्यात मीठ असेल तर पाणी वर येऊन वाफ होते आणि मीठ डांबराखाली स्फटिक धरते. ते वाढताना पातळ थराला फोड आणते आणि उचलून टाकते. काही रस्त्यांना आणि धावपट्ट्यांनाही हे भोगावे लागले. उपाय म्हणून क्षारांची मर्यादा ठरवली गेली, आणि प्राइम कोट मारून रस्ता उघडा ठेवण्याऐवजी वाफ अडवणारा जाड थर लवकरात लवकर घालावा असा नियम आला. आपल्याकडे कालव्याखालच्या क्षारपड पट्ट्यात रस्ते करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या आकड्यांत मांडले तर

आता हिशेब महाराष्ट्रातल्या ग्रामीण रस्त्याच्या भाषेत करू. एकपदरी रस्ता ३.७५ मीटर रुंद, म्हणजे किलोमीटरला ३,७५० चौरस मीटर.

आपला नेहमीचा प्रकार २० मिलिमीटर कार्पेट, म्हणजे खडी-डांबराच्या मिश्रणाचा पातळ थर, आणि वर त्याच्या फटी बुजवणारा सीलकोट. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांप्रमाणे कार्पेटला १० चौरस मीटरला १४.६ किलो डांबर आणि ०.२७ घनमीटर खडी. लिक्विड सीलकोट घेतला तर आणखी ९.८ किलो, प्रिमिक्स घेतला तर ६.८ किलो. टॅककोट (खालच्या थराला चिकटवणारा डांबराचा फवारा) सोडून किलोमीटरला डांबर साधारण आठ ते सव्वानऊ टन. सीलकोटची खडी न धरता नुसत्या कार्पेटला खडी सुमारे १०० घनमीटर.

एकेरी ओट्टा सील चौरस मीटरला १.७ लिटरने धरला तर किलोमीटरला सुमारे ६,४०० लिटर बाइंडर (खडी बांधणारे डांबर), आणि ०.०१६ ने साधारण ६० घनमीटर खडी. त्यावर रेतीचा पातळ सील घेतला की डांबर कार्पेटच्या जवळ जाते. दुहेरी ओट्टा सीलला तर कार्पेटहून स्पष्टच जास्त डांबर लागते. हे लपवण्यात अर्थ नाही. भारतात डांबर महाग आणि बरेचसे आयात केलेल्या कच्च्या तेलातून येते, आणि दगड तुलनेने स्वस्त. बोत्सवानात उलटे होते. म्हणून «तिथे स्वस्त पडले, मग इथेही पडेल» हे गणित बसत नाही.

मग इथे फायदा कुठे? माझ्या मते तीन ठिकाणी. पहिला, आयुर्मानात. कार्पेटला पाच-सहा वर्षांनी नूतनीकरणाचा थर धरला जातो. दुहेरी ओट्टा सील इथे बारा वर्षे टिकला तर मधला एक थर वाचतो. दुसरा, यंत्रांत. हॉटमिक्स प्लँट लागत नाही, गरम माल पन्नास किलोमीटर वाहून आणताना थंड होण्याची धास्ती नाही. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आतल्या भागात ही मोठी सोय आहे. तिसरा, क्रशरच्या मापात. खडी एकाच मापाची चाळून घ्यायला लागते त्या भावात आणि न चाळलेली घेतली त्या भावात फरक पडतो, शिवाय क्रशरवर साठणारी चुरीही रस्त्यात जाते.

अडचणी आपल्या वेगळ्या आहेत. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, बोत्सवानात साधारण अडीचशे ते साडेसहाशे. म्हणून पहिला प्रयोग कोकणात करू नये. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या कोरड्या पट्ट्यात करावा. काळ्या मातीवरचा रस्ता असेल तर आधी मुरमाचा जाड थर आणि दोन्ही बाजूंची गटारे, मगच डांबराचे बोलावे. ऋतूचेही बंधन आहे: दोन थरांत आठ ते बारा आठवडे आणि त्यानंतर थर घट्ट होण्यासाठी काही आठवडे पकडले तर पहिला थर जानेवारीच्या आत पडायला हवा. मार्चअखेरच्या घाईत निघणाऱ्या कामांना ही पद्धत द्यायचीच नाही. आणि साखर कारखान्याच्या वाटेवर, जिथे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात, तिथे तर पायाची ताकद आधी तपासावी.

बाइंडरचा प्रश्न राहतो. नॉर्वे आणि बोत्सवानात रॉकेल मिसळून मऊ केलेले कटबॅक किंवा मऊ प्रतीचे डांबर वापरले गेले. कटबॅक तापवताना आगीचा धोका असतो, रॉकेल हवेत जाते, आणि आपल्याकडे कल आता इमल्शनकडे, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेल्या डांबराकडे, आहे. अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा राज्यांनी हाच प्रश्न इमल्शन वापरून सोडवला. आयोवाच्या चेरोकी काउंटीत २०१७ मध्ये सुमारे चार मैलांच्या रस्त्यावर दुहेरी ओट्टा सील घातला गेला, तोही इमल्शनने. मात्र तिथले इमल्शन वेगळ्या जातीचे आहे, आपल्या कॅटायनिक इमल्शनसारखे वागणारे नाही. धूळ असलेल्या खडीशी आपले इमल्शन किती लवकर फुटते (म्हणजे डांबर पाण्यापासून वेगळे होते), आणि फुटल्यावर वर चढायला पुरेसे मऊ राहते का, हे प्रयोगशाळेत आणि मग शे-दोनशे मीटरच्या तुकड्यावर पाहिल्याशिवाय कुणी निविदा काढू नये.

निविदेत काय लिहायचे

बोत्सवानाने खडीत पैसा वाचवला आणि तो दबाईत आणि तीन आठवड्यांच्या निगेत घातला. आपल्या अंदाजपत्रकात दबाई खडीच्या दरातच धरलेली असते, आणि झाडूने खडी चाकोरीत ओढण्याला तर स्वतंत्र बाबच नसते. ठेकेदार ज्याचे पैसे मिळतात तेच मन लावून करणार, त्यात त्याचा दोष काय? उद्या कुणी हा थर घ्यायचा ठरवला तर रबरी चाकांच्या रोलरचे तास ही वेगळी बाब हवी, दिवसाची नोंद शाखा अभियंत्याच्या सहीने. खडी परत झाडण्याची बाब वेगळी, आठवड्याच्या दराने. शेवटचे मोजमाप काम संपल्यावर नव्हे तर आठ आठवड्यांनी घ्यावे, आणि तोवर बिलाचा काही हिस्सा राखून ठेवावा.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या करारात पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडे असतेच. त्याच चौकटीत एखाद्या कोरड्या तालुक्यात दोन रस्ते शेजारी-शेजारी घ्यावेत. एकावर नेहमीचे कार्पेट आणि सीलकोट, दुसऱ्यावर दुहेरी ओट्टा सील, पाया सारखा, वाहतूक सारखी. दर पावसाळ्यानंतर दोन्हींवर खड्डे, तडे आणि सुटलेली खडी मोजावी, देखभालीचा प्रत्येक रुपया दोन वेगळ्या खात्यांत लिहावा, आणि ते आकडे पंचायत समितीच्या फलकावर लावावेत.